एकशे पंधरावा प्रश्न

मंत्रालयाची गाडी चालवतो मी, बावीस वर्षं.
लुसाकाहून उत्तरेला दोन दिवस,
मग लाल मातीचा रस्ता, मग नुसतीच लाल माती.
मागच्या सीटवर श्रीमती नाम्फुक्वे,
मांडीवर एकशे चौदा प्रश्नांचा फॉर्म,
चष्म्यावर तीच माती.

तपासणीत माझं काही काम नसतं.
बोनेट उघडतो, बंद करतो,
आंब्याखाली नातेवाइकांच्या शेगड्यांपाशी बसतो.
कुणी न्शिमा ढवळत असतं, कुणी रडत,
कुणी दोन्ही.
कुठल्या गोळ्या बाहेरून आणायला लावल्या,
कुठली सिस्टर रात्री हाकेला उठते,
सगळं तिथं कळतं.
फॉर्ममध्ये शेगडीचा रकाना नाही.

लुवेंबेला भिंतींना ओल्या चुन्याचा वास,
चादरींवर घड्यांच्या रेघा अजून ताज्या,
आणि मुलांच्या वॉर्डात चार ऑक्सिजन सिलिंडर,
पाहुण्यांसारखे अवघडून उभे.
मॅडमनी मोजले. चार. बरोबरची खूण.

मी पाणी प्यायला आत गेलो म्हणून दिसलं:
एकाच्या गळ्याशी पांढरी चिकटपट्टी,
त्यावर निळ्या शाईत कुणीतरी लिहिलेलं,
'हळू फिरवा. नखरेल आहे.'

दुसऱ्या दिवशी चिसंगा. चार सिलिंडर.
तिसऱ्या दिवशी मुकुपा. चार.
नखरेलबाई दोन्हीकडे हजर,
आमच्याआधी पोचून, तोंड पुसून.

ड्रायव्हरला तोंड नसतं, आरसा असतो.
आरशात मी मॅडमना बघत होतो.
कुणाची कोंबडीसुद्धा न घेणारी बाई,
रात्री मेणबत्तीशी आकडे पुन्हा जुळवणारी.
तिच्याशी खोटं कुणीच बोलत नव्हतं.
सिलिंडर खरेच होते.

त्या रात्री लघवीला उठलो, तर
दिवे विझवलेला एक पिकअप गेला,
मागे लोखंडावर लोखंड आपटत.
चालवणाऱ्यानं हात केला.
धंद्यातला माणूस. मीही केला.
मग झोप कसली येते.

सकाळी निघालो चौथ्या इस्पितळाकडे, न्दोलेला.
लुवेंबेचा फाटा आला तसा म्हणालो,
"मॅडम, जॅक राहिला. आंब्याखाली."
"चल मग," त्या म्हणाल्या.

वॉर्डात चुन्यावर चार गोल ठसे.
कोपऱ्यातल्या खाटेवर पाच महिन्यांचं पोर,
त्याची आई भिंतीला टेकून, चितेंगेचं टोक दातांत धरलेलं,
आणि सिस्टर मुंबी हातानं रबरी पिशवी दाबत होती,
ओठांतल्या ओठांत मोजत.
तिनं मान वर केली नाही.
"ऑक्सिजन?" मॅडमनी विचारलं.
"न्दोलेला गेलाय.
तुम्ही आज तिथं जाणार ना."

मॅडमनी फॉर्म खिडकीत ठेवला.
घड्याळ काढलं, हात धुतले, कोपरापर्यंत.
"किती वेळ दाबते आहेस?"
"पहाटेपासून."
"सरक."

मी गाडी काढली.
न्दोलेच्या फाटकाशी अधीक्षक नव्या टायमध्ये,
मागे दोन ओळींत नर्सा.
मागची सीट रिकामी बघून त्यांचं हसू
तसंच राहिलं, कुठं जावं ते न कळून.
म्हटलं, "तपासणी लुवेंबेला आहे. चारही चढवा."
बावीस वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला हुकूम दिला.
आणि चढवले हो त्यांनी!
तीन मागे आडवे,
नखरेलला मॅडमच्या जागी बसवलं,
पट्टा लावून.

पोराचं पुढं काय झालं ते मी सांगणार नाही.
ते त्याच्या आईचं आहे.

परतताना अंधार पडला होता.
मॅडमनी फॉर्मच्या शेवटच्या पानाखाली
पेनानं एक ओळ लिहिली, आतला दिवा लावून:
'११५. काल रात्री हे कुठं होतं?'
बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग आरशात माझ्याकडे बघून,
"जॅक सापडला का?"

"सीटखालीच होता, मॅडम."